भाडं आधी बोलायचं

पहाटे अंधारात कुणाच्या गाडीवर बसायचं, हे आदल्या दिवशी उजेड असतानाच ठरवावं, असं बाबा म्हणायचे. ते फोंड्याला तिस्क नावाच्या चौकात पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोटरसायकल-टॅक्सी चालवणाऱ्याला आमच्याकडे पायलट म्हणतात. काळी मोटरसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. मागच्या सीटवर एकच गिऱ्हाईक. मीटर नाही. जे काही ठरायचं ते चाक फिरण्याआधी, तोंडी.

बाबांची निम्मी गिऱ्हाइकं मुंबई-पुण्याकडून कुलदैवताला आलेली मराठी मंडळी असत. पणजीहून किंवा मडगावहून बसने फोंड्याला उतरायची आणि हातात ओटीची पिशवी, नारळ, उन्हाने लाल झालेले चेहरे घेऊन स्टँडकडे यायची. देवळांची फेरी ठरलेली: कवळ्याची शांतादुर्गा, मग रामनाथी, नागेशी, बांदिवड्याची महालक्ष्मी, म्हार्दोळची म्हाळसा आणि शेवटी मंगेशी. यातला नागेश मूळचा इथलाच. बाकीचे देव सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने आपापली गावं सोडून नदीपार आलेले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत. रात्रीच्या अंधारात, ओळखीच्या माणसांच्या भरवशावर देव होडीतून आले, असं ते सांगायचे आणि मग मान वळवून म्हणायचे, ‘बसलात ना नीट? घट्ट धरा.’

कुटुंब मोठं असलं तर तीन-चार पायलट एकदम निघायचे. घरातली म्हातारी मात्र बाबांच्याच मागे. एका अंगाने बसलेली, पदर कमरेला खोचलेला, एक हात बाबांच्या खांद्यावर. स्टँडवर कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण बाकीचे पायलट स्वतःच तिला बाबांकडे पाठवत. सगळ्यांत हळू चालवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. ‘सवकास’ हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा यायचा. कोकणीतला सवकास म्हणजे मराठीतला सावकाश, पण त्यात ‘जपून’सुद्धा मिसळलेलं आहे. निघणाऱ्या माणसाला आम्ही ‘सवकास वच’ म्हणतो, म्हणजे जपून जा.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात मी आईला घेऊन कंबोडियाला गेले. अंकोर वाटचं विष्णूचं देऊळ बघायचं तिच्या मनात कधीपासून होतं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतलं एक चित्र तिने वर्षानुवर्षं देव्हाऱ्याशेजारी चिकटवून ठेवलं होतं. तिचं वय एकोणसत्तर, दोन्ही गुडघे दुखरे आणि स्वभाव असा की दुखतंय हे घरी परतल्यावरच कळायचं. माझ्या पगारात परदेशवारी म्हणजे वर्षभराची शिल्लक. म्हणून हॉटेल, जेवण, देवळांचे पास यांच्याही आधी मी एका गोष्टीचा विचार करायला बसले. तिथे पोचल्यावर आम्ही दोघी कशातून फिरणार? हा प्रश्न मला कधीच छोटा वाटला नाही. परक्या मुलखात आपण देऊळ बघायला दोन तास देतो आणि आपला जीव दिवसभर कुणाच्या तरी हातात देतो.

अंकोरजवळचं शहर म्हणजे सिएम रीप. त्याचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाला. जुना शहराला लागून होता, हा जवळजवळ पन्नास किलोमीटरवर आहे. जुन्या लेखांत ‘विमानतळावरून टुकटुकने पंधरा मिनिटं’ असं वाचून गेलेला माणूस तिथे उतरून गोंधळतो. आम्ही दुपारी उतरलो. बाहेर मोटारवाल्यांचं एक टेबल होतं आणि शहरात जाणाऱ्या बसचं दुसरं. बसचं भाडं माणशी आठ डॉलर, मोटारीचं त्याच्या कितीतरी पट. मी बसची तिकिटं काढली, कारण लख्ख ऊन होतं, बस विमानतळाची होती आणि सामान आमच्या डोळ्यांसमोर चढवलं गेलं. हेच विमान रात्री अकराला उतरलं असतं, तर मी हॉटेलची मोटार आधी सांगून ठेवली असती आणि पैशांकडे बघितलं नसतं. रस्ता तोच, अंतर तेच. पण दुपारी दोनला जे शहाणपण ठरतं ते रात्री अकराला हट्ट ठरतं. माझ्यासारख्या काटकसरीने वाढलेल्या बायकांना हे स्वतःला पुनःपुन्हा सांगावं लागतं.

हॉटेलच्या काउंटरवर एक छापील तक्ता होता. दिवसभराची वातानुकूलित मोटार पंचेचाळीस डॉलर. दहा-बारा जणांच्या गटाबरोबर मिनीबस. भाड्याच्या सायकली. तिथल्या लोकांसारखं मोटरसायकलच्या मागे बसून जाणं तक्त्यात नव्हतं, पण रस्त्यात हात केला की तेही मिळत होतं, सर्वांत स्वस्तात. आणि मग रेमोर्क. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरच्या खिळीला अडकवलेली, छपराची, दोन चाकांची गाडी, आत समोरासमोर दोन बाकं. शब्द फ्रेंच आहे, पण गाडी बघून मला तिस्क आठवलं. पायलटच तो. फक्त गिऱ्हाइकाला खांदा धरावा लागत नाही.

शहरात ॲपवर चालणाऱ्या रिक्षाही खूप आहेत. ग्रॅब आणि तिथलंच पासॲप. त्यातल्या कित्येक गाड्या आपल्याच बजाजच्या. आईने तोंडवळ्यावरून ओळखली आणि ‘ही इथे कशी आली गो?’ म्हणून तिच्या टपावरून हात फिरवला. शहरातल्या शहरात, रात्री बाजारातून हॉटेलवर यायला मी तिन्ही दिवस ॲपच वापरलं. भाडं आधी पडद्यावर दिसतं, गाडीचा नंबर जुळवता येतो, गेलो कुठून कुठे याची नोंद राहते. भाषा न येणाऱ्या बाईला हा मोठाच आधार आहे आणि तो मी मोलाचा मानते.

पण देवळांच्या फेरीला तोच हिशेब लागू पडत नाही. अंकोरचा परिसर चारशे चौरस किलोमीटरचा आहे. एका देवळातून दुसऱ्यात जायचं, तिथे तासभर घालवायचा, मग तिसरं. दर वेळी नवी गाडी बोलवायची म्हटलं तर जाताना मिळेल, येताना मिळेलच असं नाही. बांते स्रेईचं गुलाबी दगडाचं देऊळ तर शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर. तिथे सोडायला कुणीही स्वस्तात येईल. तिथून उचलायला कोण येणार? बाबांना गिऱ्हाईक विचारायचं, ‘मंगेशी किती?’ आणि ते उलट विचारायचे, ‘जाऊन, की जाऊन-येऊन? आणि थांबायचं किती?’ रिकामं परतणं हा भाड्याचा न दिसणारा भाग असतो. एका बाजूचं भाडं जास्त का, म्हणून चिडणाऱ्या माणसाने परतीचा रिकामा रस्ता मोजलेला नसतो.

मोटारीचा मोह मला झाला, हे खरं. गार हवा, बंद काचा, आईचे गुडघे. पण मोटारीत चढण्या-उतरण्यापेक्षा रेमोर्कमध्ये तिला सोपं जाणार होतं. एक बुटकी पायरी, हाताला दांडी, आत पाय पसरायला जागा. आणि ती उघडी असते. हे आईच्या दृष्टीने महत्त्वाचं. बंद काचेतून जाताना तिला मळमळतं. मोटरसायकलच्या मागे बसणं मी सुरुवातीलाच बाद केलं. पायलटची लेक असून बाद केलं. अनोळखी माणूस, दुसऱ्या बाजूने चालणारी वाहतूक, डोक्याला बसेल असं हेल्मेट मिळेल की नाही त्याची खात्री नाही. प्रवासाचा विमा काढताना बारीक अक्षरांतलं वाचलं होतं. दुचाकीवरच्या अपघाताला बऱ्याच पॉलिसी अटी घालतात. वाचवलेले चार डॉलर अशा वेळी कुठे जातात ते कुणी मोजत नाही.

तर रेमोर्क. पण कुणाची?

बाबांची गिऱ्हाइकं एक गोष्ट करायची, ती मला लहानपणापासून ठाऊक होती. मुंबईहून आलेली जाणती बाई आधी फक्त कवळ्याला जायची. तीन किलोमीटर. परत आल्यावर जर पोटातलं पाणी हललं नसेल तर म्हणायची, ‘उद्या पहाटे मंगेशीला अभिषेक आहे, याल का?’ मी तेच केलं. अंकोरचे पास संकेतस्थळावरही मिळतात, पण मी मुद्दाम तिकीट-कचेरीपर्यंतची चारेक किलोमीटरची फेरी ठरवली, संध्याकाळी, हॉटेलसमोर उभ्या असलेल्या एका चालकाबरोबर. वय पंचेचाळिशीचं. गाडी जुनी, पण टायरच्या खाचा खोल होत्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पोलिसासाठी असतं, पट्टा लावलेलं घरच्यांसाठी, असं बाबा सांगत. हॉटेलवरच्या मुलीने आम्हाला शिकवलं होतं की तिथे आपल्याहून मोठ्याला ‘बाँग’ म्हणतात, म्हणजे दादा किंवा ताई. आईला तो शब्द फार आवडला. तिच्याहून तो पंचवीस वर्षांनी लहान, तरी ती त्याला बाँगच म्हणू लागली.

पासावर फोटो छापून मिळतो. एका दिवसाचे सदतीस डॉलर, तीन दिवसांचे बासष्ट, सात दिवसांचे बहात्तर. प्रत्येक पासातले दोन डॉलर लहान मुलांच्या कांथा बोफा रुग्णालयांना जातात. आईला हे सांगितल्यावर तिने पास पर्समधून काढून पुन्हा एकदा नीट पाहिला. तिकीट-कचेरी बंद होण्याच्या सुमाराला घेतलेल्या पासावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते आणि ती संध्याकाळ वरची मिळते. आम्ही ती अंकोरच्या खंदकाच्या काठावर घालवली. येताना एका चौकात मागून भोंगे वाजले तरी हा माणूस दिवा बदलेपर्यंत थांबला. त्या एका थांबण्यावर मी निर्णय घेतला.

भाडं बोलायची वेळ आली. दुसऱ्या दिवसाची छोटी फेरी, सतरा किलोमीटरची, पहाटे साडेचारला निघून सूर्योदय धरून. तो म्हणाला वीस. मी कुठेतरी पंधरा वाचलं होतं, म्हणून पंधरा म्हटलं. तो गप्प राहिला. मी तरीही पंधरा म्हटलं. त्याने रस्त्याकडे बघितलं आणि बोटांनी सोळा दाखवले. ठरलं. खोलीत येऊन मी त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो म्हापशाला भावाला पाठवला, फोनवर माझं ठिकाण त्याला दिसेल अशी सोय केली आणि समाधानाने झोपले.

साडेचारला तो उभा होता. बाकावर दोन पातळ चादरी घडी करून ठेवलेल्या, पेटीत बर्फात पाण्याच्या बाटल्या. डिसेंबरातली तिथली पहाट गार असते आणि उघड्या गाडीत वारा झोंबतो. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंनी उंच उंच झाडं सुरू झाली. अंधारात त्यांचे बुंधे नुसते दिव्याच्या उजेडापुरते दिसायचे. आमच्या मागून गाड्यांची रांग येत होती. सगळ्यांना सूर्य उगवायच्या आत पोचायचं होतं. बजाजच्या रिक्षा, मोटारी, दुसरे रेमोर्क एकेक करून आमच्या पुढे गेले. आमचा बाँग कडेने, एकाच वेगाने चालत राहिला. मला क्षणभर वाटलं, याने जरा हात उचलावा. आईने डोळे मिटले होते आणि तिचा एक हात समोरच्या दांडीवर होता, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

पार्किंगमध्ये शेकड्यांनी रेमोर्क, सगळे एकसारखे. त्याने मला आपल्या नंबराचा पुन्हा फोटो काढायला लावला, छपराला बांधलेलं निळं फडकं दाखवलं, मग आम्हाला चालवत एका चहाच्या टपरीपाशी नेलं आणि हाताने जमीन दाखवली. इथे. मी इथेच असेन. तिस्कावर बाबा ‘नारळवालीच्या डाव्या बाजूला’ म्हणायचे. दिवसभराच्या प्रवासात परतीची जागा नक्की करण्यासारखं दुसरं महत्त्वाचं काम नाही आणि ते गिऱ्हाइकाच्या आधी चालकाला सुचलं पाहिजे.

अंकोर वाटबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण ते बघायचं देऊळ आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधलं. तोंड पश्चिमेला, म्हणून सूर्य देवळाच्या पाठीमागून वर येतो आणि पाच शिखरं आधी काळी दिसतात, मग तांबूस. गर्दी खूप होती. आई गर्दीच्या मागे एका पडक्या दगडावर बसली आणि हात जोडून गप्प राहिली. पश्चिम दरवाज्यात आठ हातांचा विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात. आईने तिथे मंगेशीचा अंगारा ठेवला, जो ती फोंड्याहून घेऊन आली होती. वरच्या मजल्याच्या उभ्या जिन्याकडे बघून तिने स्वतःच नको म्हटलं.

पण पूर्वेच्या ओवरीतलं समुद्रमंथन! सुमारे एकोणपन्नास मीटर लांबीचा एकच पट्टा. एकीकडून असुर, एकीकडून देव, मध्ये विष्णू, खाली कासव, आणि वासुकीचं शरीर सगळ्यांच्या हातांतून गेलेलं. आई त्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं न लावता चालत गेली. तिच्या तोंडून कथा ऐकताना मागे दोन परदेशी मुली थांबल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आईचा हात कुठे जातोय ते बघत त्या शेवटपर्यंत आल्या. बायोन देवळाच्या शिखरांवरचे दगडी चेहरे, ता प्रोहम देवळाच्या भिंतींवर चढलेली झाडं, तिथे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेलं काम, हे सगळं त्याच दिवशी पाहिलं. पण माझ्या मनात राहिलं ते हेच, गुडघेदुखी विसरून भिंतीबरोबर चालणारी आई.

दुपारी ता प्रोहमच्या बाहेर आलो तेव्हा बाँग गाडीतच झोळी बांधून झोपला होता. तिथे सगळेच चालक असे झोपतात, पहाटे तीनला उठलेले असतात. मी हाक मारणार, तर आईने हात धरला. ‘झोपू दे. अर्धा तास.’ आम्ही समोर झाडाखाली बसलो. आणि तिने विचारलं, ‘याच्याशी किती ठरवलंस?’

‘सोळा.’

‘त्याने किती सांगितले होते?’

मी सांगितलं. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने १९९४च्या जुलैची गोष्ट सांगितली.

त्या पावसाळ्यात बाबा पडले होते, हे मला माहीत होतं. मी सात वर्षांची होते. बांदिवड्याच्या उतारावर वासरू आडवं आलं, असं आम्हा मुलांना सांगितलं होतं. बाबांच्या नडगीत सळी बसली आणि ते तीन महिने घरी होते. आई म्हणाली, वासरू नव्हतंच. त्या दिवशी सकाळपासून बाबांची भवानी झाली नव्हती. एक गृहस्थ आले. देवळांची पूर्ण फेरी, थांबून, चाळीस रुपये. त्यांनी घासाघीस करून पंचवीसवर आणलं. बाबा कधी एवढं खाली येत नसत, पण पावसामुळे चार दिवस धंदा नव्हता आणि माझी शाळेची वह्या-पुस्तकं राहिली होती. पंचवीसमध्ये फेरी घेतली म्हणजे ती लवकर आटपून दुसरी गाठायची. एकची बस यायच्या आत तिस्कावर परत. ओल्या उतारावर ज्या माणसाने आयुष्यात वेग घेतला नव्हता त्याने वेग घेतला. गाडी घसरली. त्या गृहस्थांचं मनगट मोडलं. बाबांचा पाय. डॉक्टरचे दोघांचेही पैसे बाबांनी दिले.

‘गिऱ्हाइकाला दोष नाही दिला त्यांनी,’ आई म्हणाली. ‘म्हणाले, मी हो म्हणायला नको होतं.’

त्यानंतर बाबा भाडं कमी करत नसत, एवढं मला आठवत होतं. कुणी फार ओढून धरलं तर ते शांतपणे बसकडे बोट दाखवत, ‘ती म्हार्दोळला जाणार, पाच मिनिटांत सुटेल, उतरल्यावर उजवीकडे चाला.’ मी तो त्यांचा मानीपणा समजत आले होते. तीस वर्षं.

स्वस्त आणि सुरक्षित या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला वाटत नाही. आठ डॉलरची बस स्वस्तही होती आणि सुरक्षितही, कारण तिथे पन्नास जण मिळून एका चालकाच्या सावकाशीचे पैसे देत होते. आमच्या कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचं, पणजी-मडगाव शटल तसंच आहे. खिडकीवर तिकीट काढायचं, बसायचं, मध्ये कुठे थांबा नाही. त्याहून निश्चिंत प्रवास गोव्यात मला माहीत नाही. पण एकट्या माणसाची गाडी दिवसभरासाठी घेतो तेव्हा त्याचा वेळ, त्याची झोप, त्याचा ब्रेक दाबायचा धीर, हे सगळं आपण ठरवलेल्या आकड्यातून निघायचं असतं. तो आकडा एका मर्यादेखाली गेला की चालक दुसरी फेरी शोधू लागतो, आणि ती फेरी आपल्या मानेवर बसलेली असते.

गोव्यात येणाऱ्या माझ्या मुंबईच्या मैत्रिणी टॅक्सीच्या भाड्यावरून चिडतात. त्यांचं चिडणं मला कळतं. आकडा आधी न सांगणं, दुसरीकडच्या गाडीला अडवणं, हे चूकच आहे, आणि आपल्या माणसांनी केलं म्हणून बरोबर होत नाही. भाडं आधी दिसावं हा प्रवाशाचा हक्क आहे. ॲपने तो दिला, मीटरनेही दिला असता. पण त्याच मैत्रिणी शंभर रुपये वाचवायला पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी स्कूटर भाड्याने घेतात तेव्हा मी त्यांना अडवते. गोव्यात भाड्याच्या स्कूटरची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीवर पडलात तर विमा पाठीशी उभा राहत नाही. आणि एकट्या असाल, अंतर थोडं असेल, पाऊस नसेल, तर पायलट घ्या. त्याला नाव विचारा. भाडं आधी बोला. त्याने सांगितलेलं योग्य वाटलं तर खाली ओढू नका, नाही वाटलं तर नमस्कार करून बस पकडा. मधला रस्ता, म्हणजे ओढून ओढून त्याला हो म्हणायला लावणं, तो मी त्या झाडाखाली सोडला.

बाँग उठला, तोंडावर पाणी मारलं, आईसाठी पायरीजवळचा दगड बाजूला केला. संध्याकाळी हॉटेलवर उतरल्यावर मी वीस डॉलर दिले. त्याने चार परत करायला खिशात हात घातला. मी नको म्हटलं. त्याने नोटा उजेडात धरून बघितल्या. तिथे जराशी फाटलेली डॉलरची नोटही कुणी घेत नाही. मग आईला हात जोडले. आईने ‘अर्कुन, बाँग’ म्हटलं, शिकवल्याबरहुकूम. पुढचे दोन दिवस, सव्वीस किलोमीटरची मोठी फेरी आणि बांते स्रेई, त्याने जे सांगितलं ते मी दिलं. बांते स्रेईच्या वाटेवर भातखाचरं लागतात, ताडाची झाडं, रस्त्याकडेला ताडगूळ आटवणाऱ्या बायका. आईने गाडी थांबवायला सांगितली, गूळ घेतला, त्याच्या बायकोसाठीही एक पुडा घेतला. वाटेत त्याने आम्हाला एकाही दुकानात नेलं नाही.

परतीच्या दिवशी मी त्याला विचारलं, विमानतळाला नेशील का? पन्नास किलोमीटर, त्याच्यासाठी मोठं भाडं. मला वाटलं तो आनंदाने हो म्हणेल. त्याने मान हलवली. रस्ता मोठा, मालट्रक मोठे, माझी गाडी हलकी. मग आईकडे बघून हाताने डोलणारी गाडी करून दाखवली आणि म्हणाला, बस. त्याने आम्हाला शहरातल्या बसच्या थांब्यापर्यंत सोडलं, तेवढ्याचेच पैसे घेतले, सामान स्वतः चढवलं आणि चालकाशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, आमच्याकडे बोट दाखवून.

आई खिडकीशी बसली. काच उघडत नव्हती. तिने काचेला हात टेकवला आणि त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असून म्हणाली, ‘सवकास वच रे, पुता.’ त्याने हेल्मेट घातलं, पट्टा ओढून बसवला, मागे बघितलं, आणि मग गाडी रस्त्यावर घेतली.